आधी खूण, मग पाना

आमच्या गावच्या फाट्यावर एके दिवशी तिन्हीसांजेला मोठा अपघात होता होता टळला. गावची जुनी जीप उजवीकडे वळली. मागून एक दूधवाला मोटारसायकलवर येत होता. जीप वळणार हे त्याला कळलेच नाही. ड्रायव्हरने दांडी फिरवली होती, पण वळण दाखवणारा दिवा लागला नव्हता. दूधवाल्याने गाडी शेतात घातली म्हणून जीव वाचला. दूध तेवढे सांडले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. आम्ही पडलो निवृत्त हेडमास्तर. आम्हांला मोटारीतले काय कळणार? पण जवळ बसून पाहिले. जे पाहिले ते तुम्हांला सांगतो.

मिस्त्रींनी आधी बल्ब पाहिले. ते चांगले होते. मग फ्यूज पाहिला. दिवा लुकलुकवणारी डबी, म्हणजे फ्लॅशर, तोही तपासला. हा दिवा मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा लागतो. सगळे ठीक निघाले. तेव्हा दोष दांडीच्या स्विचमध्ये, हे ठरले.

"गुरुजी, आधी रोग ओळखायचा. नाहीतर बल्ब गेलेला असतो आणि आपण उगाच स्टेअरिंग खोलून बसतो," मिस्त्री म्हणाले.

हा स्विच स्टेअरिंगच्या चक्राखाली असतो. वळण संपले, चक्र सरळ झाले, की चक्राखालची एक खुंटी दांडीला ढकलते. दांडी आपोआप मधे येते आणि दिवा विझतो. म्हणून स्विचपर्यंत जायचे तर चक्र काढावे लागते.

मिस्त्रींनी जीप सपाट जागी लावली. हँडब्रेक ओढला. पुढची चाके सरळ केली. बॅटरीची ऋण तार सोडवली. मग हॉर्नचे बटण काढले. त्याखाली एक मोठा नट दिसला. तो त्यांनी सैल केला, पण पुरता काढला नाही. दोन-तीन आटे तसेच ठेवले. का बरे? चक्र एकदम सुटले तर तोंडावर येते.

आता मुख्य गोष्ट. मधल्या दांड्यावर आणि चक्रावर त्यांनी रंगाची एक सरळ रेघ मारली. चक्र आत खाचांवर बसलेले असते. एक खाच जरी चुकली, तरी गाडी सरळ चालते आणि चक्र तिरपे दिसते. "एकदा मी खूण करायला विसरलो. तेच काम दोनदा करावे लागले," मिस्त्री म्हणाले.

चक्र घट्ट बसले होते. मिस्त्रींनी हातोडा मारला नाही. हातोड्याने आटे बिघडतात, दांडाही दुखावतो. त्यांनी पुलर लावून चक्र हळूहळू ओढले. ते निघाले.

मिस्त्रींचा मदतनीस आपल्या साक्षरता वर्गात येतो. चार महिन्यांपूर्वी त्याला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. त्याने कागद घेतला. कोणत्या रंगाची तार कुठे जोडलेली आहे, ते ओळीने लिहिले. मग स्विच सोडवला. आतली खुंटी मोडली होती. नवा स्विच आणला. कागद वाचून त्यानेच तारा जोडल्या. एकही चुकली नाही. आम्हांला फार बरे वाटले.

रेघेला रेघ जुळवून चक्र बसवले. नट चांगला आवळला. हे काम नेटकेच हवे. नट ढिला राहिला, तर चालत्या गाडीत चक्र हातात येईल! शेवटी तार जोडली. डावीकडे, उजवीकडे चक्र फिरवून पाहिले. दिवे लुकलुकले. दांडी परत आली.

एक इशारा. नव्या मोटारीचे चक्र घरी खोलू नका. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना ड्रायव्हरपुढे एअरबॅग लागते. ही पिशवी चक्राच्या मधोमध असते. ती क्षणात फुगवणारी स्फोटक दारू तिच्याजवळच असते. चुकून उडाली तर जबर इजा होते. ते काम शिकलेल्या कारागिराचेच.

दिवा बंद असेल, तर दुरुस्तीपर्यंत हात दाखवून वळा. पण अंधारात हात दिसत नाही. म्हणून दुरुस्तीला उशीर नको.

प्रश्न
१. नट पुरता का काढला नाही?
२. रेघ कशासाठी मारली?
३. मदतनिसाला लिहिता येत नसते, तर काय झाले असते?