मेलचा पासवर्ड त्याच्याकडे होता

जिवतीच्या बाजारात माझ्याबद्दल सध्या दोन गोष्टी बोलल्या जातात. पोट्ट्यानं विदेशाच्या नादात बापाच्या कापसाचे पैसे उडवले, ही एक. आणि एम.एस्सी. होऊनही नागपूरच्या माणसानं त्याला गंडवलं, ही दुसरी. बोलणाऱ्यांपैकी एकानेही मला समोर बसवून विचारलं नाही. म्हणून घडलं ते मीच लिहितो. आमच्या पहाडावरची आणखी चार-पाच मुलं याच वाटेला लागली आहेत, त्यांना तरी ते उपयोगी पडेल.

‘एवढंच होतं तर कर्ज काढून जायचं’ असा सल्ला देणारे बरेच भेटले. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. आमच्याकडे पन्नास वर्षांपासून कसलेल्या जमिनीलाही पट्टा नाही, कागदावर ती वन. आजोबा 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून तांड्यासोबत इथे आले आणि तेव्हापासून आम्ही तीच जमीन कसतोय. बँकेपुढे ठेवायला तिचा एक कागद नाही. त्यामुळे पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर विदेश, नाहीतर नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि नागपूरच्या त्या माणसालाही मी पहिल्याच भेटीत ते स्पष्ट सांगितलं होतं.

हे स्वप्न मी हवेतून आणलं नव्हतं. शेजारच्या कोरपना तालुक्यातल्या लखमापूरचे अ‍ॅड. दीपक चटप 2022 मध्ये ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले. पाठोपाठ गडचिरोली जिल्ह्यातले अ‍ॅड. बोधी रामटेके युरोपच्या इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीवर गेले. हीच माती, हेच रस्ते, म्हणजे आम्हालाही जमू शकतं, असं वाटणं चूक कसं? चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो माझ्याकडे नव्हता. इरॅस्मस मुंडसला शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यालाही अर्ज करता येतो. 2004 पासून चालू असलेली ही योजना युरोपियन युनियनच्या पैशावर चालते. तीत निदान दोन देशांतल्या विद्यापीठांत शिकायचं असतं. फी माफ असते आणि दरमहा 1400 युरो, जास्तीत जास्त 24 महिने मिळतात. माझा विषय पर्यावरणशास्त्र. जंगल आणि जैवविविधतेवरचे अभ्यासक्रम त्यात होते, आणि आम्ही तर जंगलातच वाढलो.

नागपूरच्या त्या सल्लागाराचं नाव मी इथे देत नाही, कारण प्रकरण आता तक्रारीत आहे. त्याच्या बोलण्याची पद्धत मात्र सांगतो, कारण ती ओळखता आली पाहिजे. “तुमच्याकडे नेटवर्क नसतं भाऊ, पोर्टल मध्येच बंद पडतं, तुम्ही कागद फक्त पाठवा.” माझ्या नावाचा नवा मेल त्याने स्वतःच्या कार्यालयात उघडला, पासवर्ड स्वतःकडे ठेवला आणि सगळ्यांचं असंच करतात म्हणाला. मूळ गुणपत्रिका स्कॅन करायच्या म्हणून ठेवून घेतल्या. साठ हजार रुपये दोन हप्त्यांत घेतले, पावती ‘फाइल पूर्ण झाल्यावर’.

मध्येच त्याने आणखी एक युक्ती काढली. आमचा तांडा त्या चौदा गावांपैकी एक, ज्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर या पट्ट्यात एकेका घरात दोन राज्यांची मतदार कार्डं आहेत, एका गावात मराठी शाळा आणि तेलुगू शाळा शेजारी-शेजारी आहेत. आमचा बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत येतो आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत. हे कळताच तो म्हणाला, “तिकडचा दाखला काढा, आदिवासींच्या नॅशनल ओव्हरसीजमध्ये बसवतो.” मी सरळ नाही म्हणालो. केंद्राच्या त्या परदेश शिष्यवृत्ती योजनेत देशभरासाठी वर्षाला 20 जागा. त्यातल्या 3 कोलामांसारख्या अतिअसुरक्षित आदिम जमातींना. माझ्या शेजारच्या गुड्यातली कोलाम मुलं पहिल्यांदा बारावीपर्यंत पोहोचतायत, त्यांच्या रांगेत मी खोटा कागद घेऊन उभा राहायचं? त्या दिवसापासून त्याचा सूर बदलला. फोन उचलणं कमी झालं आणि विचारलं की एकच उत्तर, “फाइल प्रोसेसमध्ये आहे.”

आम्हा विमुक्त-भटक्यांसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाची वेगळी नॅशनल ओव्हरसीज आहे, तिच्या 125 जागांपैकी 6 आपल्या. राज्याच्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाचीही परदेश शिष्यवृत्ती आहे. यातलं एक अक्षर तो बोलला नव्हता. मला ते नंतर शोधून कळलं.

मार्चमध्ये त्याने एक पत्र पाठवलं, वर ‘अभिनंदन’. घरात याडीने, म्हणजे आईने, गूळ वाटला. पत्र मी नीट वाचलं. ते एका खासगी विद्यापीठाचं प्रवेशपत्र होतं, सशर्त. खाली वर्षाची फी आणि जागा राखण्यासाठी भरायची अनामत लिहिलेली. शिष्यवृत्तीचा शब्द कुठेच नाही. फोन केला तर म्हणाला, “आधी जाऊन पोहोचा, स्कॉलरशिप तिथे गेल्यावर मिळते. अनामत या आठवड्यात भरा.”

त्याच रात्री मी त्या मेलमध्ये शिरलो. खातं उघडताना ओटीपीसाठी त्याने माझाच मोबाइल क्रमांक दिला होता, म्हणून पासवर्ड बदलता आला. टेकडीवर जिथे रेंज धरते तिथे बसून एकेक मेल उघडत गेलो. मला जो अभ्यासक्रम हवा होता त्याचं जानेवारीतलं पत्र तिथे पडलेलं होतं: अर्ज मिळाला, रहिवासाचा पुरावा जोडलेला नाही, 7 दिवसांत पाठवा. त्यानंतरचं दुसरं पत्र: मुदतीत कागद न आल्यामुळे अर्ज विचारात घेता येत नाही. तो पुरावा, तहसीलच्या शिक्क्याचा, मी त्याला त्याआधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. निळ्या खुणा अजून दिसतात.

त्याहून जास्त लागलं ते माझ्या नावाचं उद्देशपत्र. त्यात माझा जन्म नागपुरातला होता. माझे वडील हार्डवेअरचे व्यापारी होते आणि मला लहानपणापासून ‘निसर्गाची ओढ’ होती. दुसऱ्या कुणाचं तरी पत्र उचलून वर माझं नाव टाकलेलं. वन हक्काच्या दाव्यासाठी बाप तहसीलच्या पायऱ्या झिजवतो, उन्हाळ्यात याडी पाण्यासाठी दरीत उतरते, सागाच्या रोपवाटिकेत मी मजुरी केली, हे सगळं मी त्याला चार पानं मराठीत लिहून दिलं होतं. ती पानं त्याने उघडली तरी होती का, कोण जाणे. त्या अर्जात मी नव्हतोच, होता तो कुणी हार्डवेअरवाल्याचा मुलगा.

कार्यालयात जाऊन हे सगळं समोर ठेवलं, तर तो म्हणाला, “जिवतीच्या पोराला युरोपची अ‍ॅडमिशन आणून दिली, आणखी काय पाहिजे?” बाजूला बसलेली दोन-तीन मुलं हसली. गुणपत्रिका परत मिळाल्या, त्याही पोलिसांचं नाव काढल्यावर.

आता तुमच्यासाठी.

सल्लागार कशावर जगतो हे आधी समजून घ्या. फी भरणारा विद्यार्थी आणून दिला की अनेक विदेशी विद्यापीठं मध्यस्थाला कमिशन देतात. पूर्ण शिष्यवृत्तीवाल्या मुलामागे त्याला काही मिळत नाही. मग तो तुम्हाला कुठे ढकलणार, ते तुम्हीच ठरवा. चेव्हनिंगच्या अर्जाला फी नाही. मी पाहिलेल्या इरॅस्मस मुंडसच्या एकाही अभ्यासक्रमाला नव्हती. अर्ज थेट त्या अभ्यासक्रमाच्या पोर्टलवर स्वतः करायचा असतो, बहुतेकांच्या मुदती ऑक्टोबर ते जानेवारीत संपतात.

मेल स्वतःचा, पासवर्ड स्वतःचा. मूळ कागद कुणालाही देऊ नका.

आपल्या चौदा गावांतल्या मुलांनी तर कागद पावसाळ्यातच गोळा करायला घ्यावेत. तेलंगणाच्या कार्डावर आडनाव आधी, गुणपत्रिकेवर नंतर, आधारवर तिसरंच स्पेलिंग, असं असेल तर आधी ते एकसारखं करून घ्या, कारण पासपोर्टच्या पडताळणीत हेच अडतं. रहिवासाचा पुरावा ताज्या तारखेचा मागतात, जुना चालेल असं धरून बसू नका. दोन्ही राज्यांचे कागद एकाच अर्जात कधीही जोडू नका.

‘एक सेमिस्टर युरोपात, डायरेक्ट’ असंही कुणी सांगेल. इरॅस्मसमध्ये अशी देवाणघेवाण आहे, पण ती तुमचं विद्यापीठ आणि तिकडचं विद्यापीठ यांच्यात करार असेल तरच होते, आणि नावं तुमचं विद्यापीठच पाठवतं. आपल्या विद्यापीठात जाऊन एवढंच विचारा की करार आहे का, आणि उत्तर लेखी घ्या. करार नसेल तर प्राध्यापकांच्या मागे लागा. असे करार पुण्या-मुंबईच्या मुलांसाठीच का असावेत?

उद्देशपत्र स्वतः लिहा, मोडक्या इंग्रजीत का होईना, मग कुणाकडून तपासून घ्या. पहिल्या पिढीतल्या मुलांना यात मार्गदर्शन करणारी माणसं आहेत. राजू केंद्रे यांची एकलव्य संस्था हेच काम करते, आणि ते स्वतः चेव्हनिंगवर जाऊन आले आहेत. शिफारसपत्रं देणाऱ्या सरांना महिनाभर आधी सांगा. इंग्रजी रोज वाचा, धीर सोडू नका, हे तर सगळेच सांगतात.

पैसे अजून परत मिळालेले नाहीत. मी चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. नव्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, फसवणारा नागपूरचा असला तरी. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि मुदत 2 वर्षांची असते. त्याच माणसाने राजुरा, कोरपना, गोंडपिपरीतल्या मुलांकडूनही पैसे घेतल्याचं कानावर आलं आहे. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका, पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि तुमची तक्रार तुम्ही वेगळी दाखल करा.