प्रौढ वयातील परदेशी शिक्षण : पंडिता रमाबाईंचे उदाहरण

संसाराची जबाबदारी असता परदेशी शिकावयास जाणे कितपत साधेल, असा प्रश्न शिक्रापूरसारख्या गावातील एखाद्या शिक्षिकेला पडल्यास नवल नाही. शेजारच्या दौंड तालुक्यातील केडगाव ही ज्यांची कर्मभूमी, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा वय 25 वर्षांचे, वैधव्य आलेले आणि सोबत दोन वर्षांची मनोरमा. त्या काळी हे विद्यार्थिदशेचे वय नव्हेच! ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाची तजवीज झाली. वैद्यक शिकण्याचा हेतू मात्र कानांच्या बधिरतेमुळे सोडावा लागला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या गणित व विज्ञान शिकल्या आणि तेथेच संस्कृत शिकवूही लागल्या. आपली विद्या देऊन दुसरी घेण्याचा हा व्यवहार आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो; त्यामुळे परमुलखात याचकपण उरत नाही. तेथे त्यांनी धर्मांतर केले, पण शाकाहार सोडला नाही.

1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या व तेथे बालशिक्षणाची किंडरगार्टन पद्धती अभ्यासली. परतल्यावर 1889 मध्ये मुंबईत त्यांनी ‘शारदा सदन’ उघडले.