गोडी छाटणीआधी ब्लोअरची विमानासारखी तपासणी

सायखेडा-चांदोरी पट्ट्यात द्राक्षाची गोडी छाटणी उरकली की फवारणीच्या ब्लोअरला उसंत राहत नाही. पोंग्यावर पाऊस पडला आणि नेमका त्याच दिवशी पंख्याचा बेअरिंग बसला, तर डावणी काही मिस्त्रीची वाट पाहत थांबत नाही. म्हणून ही तपासणी सप्टेंबरातच करून घ्यावी.

पद्धत विमानाच्या देखभालीतली आहे. शेजारच्या ओझरला १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे, पण आपल्याला लढाऊ विमानांपेक्षा वैमानिक घडवणाऱ्या सेस्ना १७२ सारख्या लहान विमानांकडून जास्त शिकता येते. एक इंजिन, एक पंखा, दर पन्नास तासांनी ऑइल, दर शंभर तासांनी सगळी उघडून तपासणी. तिथे झिजलेला भाग नुसता बदलत नाहीत. तो का झिजला, हे आधी शोधतात. आपल्याकडे फुटलेला बेअरिंग भंगारात जातो, नवा बसतो आणि डिसेंबरात तोही फुटतो. हे थांबवता येते.

आधी ट्रॅक्टर बंद करून चावी खिशात घाला आणि पीटीओचा शाफ्ट काढून ठेवा. टाकी स्वच्छ पाण्याने धुऊन काढा, पण हातमोजे सोडू नका. औषधाचा अंश पाइपात आणि फिल्टरमध्ये राहतोच.

बाहेरून मात्र ब्लोअर लगेच धुऊ नका. धुण्याआधी उन्हात उभा करून चारी बाजूंनी पाहा. विमानाच्या पत्र्यावर रिव्हेटभोवती काळपट ओघळ दिसला, की तो रिव्हेट ढिला होऊन घासतोय हे मेकॅनिकला कळते. आपल्याकडे लोखंड असते, त्यामुळे खूण तांबूस दिसते. पीटीओच्या क्रॉसच्या कपाभोवती लालसर भुकटी असेल, तर आतल्या सुया कोरड्या पडल्या आहेत. बोल्टच्या वायसरखाली तशीच भुकटी असेल, तर तो जोड हलतोय. चेसीच्या वेल्डिंगलगत गंजाची बारीक सरळ रेघ दिसली, तर ती बहुधा चीर असते. अशा प्रत्येक जागी खडूने खूण करा आणि मग धुवा. आधी धुतले, तर मशीनने सांगितलेले सगळे पाण्याबरोबर वाहून जाते.

संशयाच्या जागी चिरेची खात्री करायला लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरचे स्प्रे मिळतात. जागा घासून कोरडी करा, डाय मारा, डब्यावर लिहिला असेल तेवढा वेळ थांबा, पुसा आणि डेव्हलपर मारा. चीर असली तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. चेसीतली चीर वरून वेल्डिंग ओढून झाकू नका. तिच्या टोकाला बारीक छिद्र पाडून, चीर पूर्ण खरवडून काढून मगच वेल्डिंग करायला सांगा. नाहीतर ती शेजारून पुढे सरकते.

आता पंखा. यात घाई अजिबात करू नका. प्रत्येक पात्याचे मूळ, म्हणजे जिथे ते हबमध्ये बसते ती जागा, बोट फिरवून आणि बॅटरी लावून पाहा. ताण तिथेच सर्वांत जास्त येतो. ॲल्युमिनियमच्या पात्याच्या कडेला खड्याने पडलेली लहान खाचही हलकी समजू नका. विमानाच्या प्रोपेलरवरची अशी खाच गुळगुळीत घासून काढतात, कारण चीर खाचेतूनच सुरू होते. मुळाशी चीर असलेले पाते, प्लास्टिकचे असो की धातूचे, बदलायचेच. नवे पाते त्याच कंपनीचे, त्याच वजनाचे आणि त्याच कोनात हवे. वजनाला किराणा दुकानातला डिजिटल काटा पुरतो.

मग घेराच्या पत्र्याला एक तार चिकटपट्टीने अशी लावा, की तिचे टोक पात्याच्या टोकाला जेमतेम लागणार नाही. पंखा हाताने फिरवा आणि प्रत्येक पात्याचे अंतर पाहा. लहान विमानाच्या धातूच्या प्रोपेलरच्या पात्यांमध्ये साधारण दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. तुमच्या पंख्याची मर्यादा माहितीपुस्तकात पाहा. एकच पाते वेगळे आले तर दोष पात्यात आहे. घेराच्या पत्र्यावर एकाच बाजूला घासल्याची चमक असेल आणि पंखा धरून हलवल्यावर खडखड लागत असेल, तर दोष बेअरिंगमध्ये आहे.

गियरबॉक्सचे ऑइल थोडे गरम असताना स्वच्छ पांढऱ्या तसराळ्यात काढा. विमानाचा ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या पसरतात आणि धातूचे कण शोधतात. आपण चुंबक फिरवायचा. राखाडी लगदा ही रोजची झीज. टोकदार कपचे किंवा चकत्या निघाल्या तर दात किंवा बेअरिंग सुटतोय, गियरबॉक्स उघडावाच लागेल. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. ऑगस्ट २०१६ आणि २०१९ च्या गोदावरीच्या पुरांसारख्या पाण्यात जो ब्लोअर उभा राहिला, त्याचे ऑइल वरून बरे दिसले तरी बदला आणि बेअरिंग उघडून गाळ पाहा.

सील गळत असेल तर आधी गियरबॉक्सचा हवेचा बूच साफ करा. तो तुंबला की आतला दाब ऑइलला सीलबाहेर ढकलतो. शाफ्टवर नख फिरवून पाहा. चर लागला, तर नुसता नवा सील टिकणार नाही. शाफ्टवर स्लीव्ह बसवून घ्या.

डायफ्रामच्या पंपाचे ऑइल दुधाळ झाले, म्हणजे डायफ्राम फाटला. त्यावर एक फवारणीही काढू नका.

नोझल डोळ्याला कळत नाही, मापाला कळते. शाफ्ट परत जोडल्यावर पंखा न्यूट्रलला टाकून, नेहमीच्या दाबावर, प्रत्येक नोझलचे एका मिनिटाचे पाणी मापात धरा. नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त आले तर ते बदला. पंखा वेगळा बंद होत नसेल तर नोझल काढून दुसऱ्या पंपावर मोजा. बोर्डो आणि गंधक भोक मोठे करतात. बागेत तर आपण तेच वर्षानुवर्षे मारतो.

पीटीओ शाफ्ट परत जोडताना दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत आहेत ना, ते बघा. एक खोबण चुकली तर शाफ्ट प्रत्येक फेरीत धक्का देतो आणि क्रॉस, बेअरिंग, सील ओळीने जातात. ओळीने कराव्या लागलेल्या अनेक दुरुस्त्यांचे मूळ मला इथेच दिसते. शाफ्टचे प्लास्टिकचे संरक्षण फुटले असेल तर आजच बदला. त्यात धोतर, साडी, ओढणी अडकून माणसे जातात.

नट आवळल्यावर नटावरून चेसीपर्यंत रंगाची एक आडवी रेघ मारा. विमानात हीच खूण असते. रेघ तुटलेली दिसली, की नट फिरला.

काढलेल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधून डब्यात ठेवा: तारीख, ट्रॅक्टरच्या मीटरचे तास, कुठून काढला, काय दिसले. तेच वहीत लिहा.

शेवटी साध्या पाण्याने ५४० फेऱ्यांवर पंधरा मिनिटे चालवा. पंख्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये. मग बंद करून, सगळे थांबल्यावर, बेअरिंगच्या घरांना उलटा हात लावा, गळती पाहा, रेघा तपासा. पहिल्या दोन फवारण्यांनंतर रेघा पुन्हा एकदा पाहाव्या लागतात, कारण नवे वायसर आणि पॅकिंग बसताना जोड थोडे सैल होतात.