उदयोन्मुख कोणाला म्हणावे?

आफ्रिका खंडातील कोणते देश आर्थिकदृष्ट्या उदयोन्मुख आहेत, असा प्रश्न अर्थशास्त्राच्या वर्गात निघाला की आपण उत्पन्नाचे आकडे उघडतो. आकडे हवेतच, पण नायजेरियाचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. २०१४ साली त्या देशाने हिशेबाचे आधारवर्ष १९९० ऐवजी २०१० धरले. दूरध्वनी, चित्रपट असे नवे व्यवसाय मोजणीत आले आणि नायजेरिया एकदम दक्षिण आफ्रिकेच्या पुढे जाऊन खंडात पहिला ठरला. त्या दिवशी लागोसच्या गरिबाच्या ताटात मात्र काही अधिक पडले नाही.

हीच कसोटी मी आपल्या सातारा-सांगलीला लावून पाहतो. १९४९ पर्यंत यातला बराचसा भाग एकाच जिल्ह्यात होता. आजच्या सातारा जिल्ह्यातही महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, तर माणमध्ये पाचशेच्या आसपास. जिल्ह्याची सरासरी काढून माणच्या शेतकऱ्याला काय सांगणार?

खानापूर-आटपाडीकडील गोष्ट याहून बोधप्रद आहे. दुष्काळाने घराबाहेर पडलेली तेथील माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली. गावी पैसा आला, माड्या उठल्या. परंतु ही मिळकत गावाची असली तरी उत्पादन गावातले नव्हे. लेसोथोचे पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबत, तेव्हा त्या देशाचे राष्ट्रीय उत्पन्न देशांतर्गत उत्पादनापेक्षा कितीतरी मोठे दिसे. पाठ्यपुस्तकात कोरडा वाटणारा हा भेद विट्याच्या बाजारपेठेत उभे राहिले की चटकन उमगतो!

मग उदयाची खूण कोणती? माझ्या मते, एका कामातून तेथेच दुसरे काम निघणे. तासगावची द्राक्षे घ्या. त्यांच्यापासून बेदाणा, बेदाण्यासाठी शेड, पुढे शीतगृह, मग सौदे. प्रत्येक पायरीवर कोणाला तरी रोजगार. टेंभू उपसा योजनेचे काम १९९६ साली सुरू झाले. कराडजवळ उचललेले कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे जाते. या पाण्यावर नुसता ऊस वाढला तर विजेचे बिल तेवढे वाढेल; डाळिंबावर प्रक्रिया करणारे हात गावातच थांबले, तर मी आटपाडीला उदयोन्मुख म्हणेन.

कृष्णाकाठचा वाळवा मात्र मला संपन्न वाटतो, उदयोन्मुख नव्हे. तेथे दूध आहे, पण भरवसा अजून उसावरच. ज्या मॉरिशसच्या मळ्यांत आपल्या कोकणातली माणसे मजूर म्हणून गेली, त्या मॉरिशसने साखर चालू असतानाच, १९७० साली, निर्यात क्षेत्राचा कायदा करून कापड उद्योगाची वाट धरली होती.