पोटऱ्या भरदार, तरी स्नायू दुर्बल

तीन ते पाच वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, जिना चढताना कठडा धरतो. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात. त्या पाहून पालक निश्चिंत होतात, आणि कित्येकदा वैद्यकही. अशा मुलास जमिनीवर बसवून आधाराविना उठावयास सांगावे. गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात रोवीत तो जणू स्वतःच्याच अंगावर चढत उठला, तर ड्युशेन स्नायुक्षयाची शंका घ्यावी. गॉवर्स यांनी १८७९ मध्ये वर्णिलेल्या या चिन्हास उपकरण लागत नाही. कटिप्रदेशाच्या अन्य स्नायुविकारांतही ते आढळते. म्हणून रक्तातील क्रिएटिन कायनेज तपासावे. या रोगात ते बहुधा दहापटींहून अधिक वाढलेले असते. एएलटी व एएसटी ही विकरे स्नायूंतूनही रक्तात येतात. केवळ ती वाढलेली पाहून यकृतविकाराचे उपचार चालू ठेवण्यात मोलाचा काळ जातो. निदान होताच मातेची जनुकीय तपासणी सुचवावी आणि धाकट्या भावासही जमिनीवरून उठवून पाहावे.