जीवरसायनशास्त्राची पदवी : अभ्यासक्रम, प्रयोगशाळा आणि मनुष्यबळ

बारावीनंतर वैद्यकीय अथवा अभियांत्रिकी शाखेत प्रवेश न मिळाल्यास उरलेला पर्याय म्हणून मूलभूत विज्ञानाच्या पदवीकडे पाहण्याची सवय आपल्या समाजात रुजलेली आहे. औषधे, लसी, पोषण आणि रोगनिदान या चारही क्षेत्रांचा पाया असलेल्या जीवरसायनशास्त्राच्या वाट्यालाही हीच उपेक्षा येते. या पदवीचा विचार केवळ वैयक्तिक करिअरच्या अंगाने न करता मनुष्यबळ विकासाच्या अंगानेही करणे आवश्यक आहे. स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीनेही विज्ञान-तंत्रज्ञान, आरोग्य, शिक्षण व बौद्धिक संपदा हे घटक येथे एकत्र येतात.

विषयाचे स्वरूप

सजीवांच्या शरीरात चालणाऱ्या रासायनिक क्रियांचा अभ्यास म्हणजे जीवरसायनशास्त्र. पदवीच्या पहिल्या टप्प्यात कर्बोदके, प्रथिने, मेदपदार्थ व न्यूक्लिक आम्ले यांची रचना शिकवली जाते. त्यानंतर विकरे (एन्झाइम), चयापचय, रेण्वीय जीवशास्त्र, आनुवंशिकी आणि प्रतिकारशास्त्र हे विषय येतात. क्रोमॅटोग्राफी, इलेक्ट्रोफोरेसिस, सेंट्रिफ्यूज व स्पेक्ट्रोफोटोमीटर यांवरील कामाला लेखी अभ्यासाइतकेच महत्त्व असते. रसायनशास्त्र व गणित कच्चे ठेवून केवळ जीवशास्त्राच्या आवडीवर हा विषय पेलता येत नाही, हे विद्यार्थ्यांनी आधीच ध्यानात घ्यावे.

भारतीय परंपरा

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र विभाग 1921 मध्ये सुरू झाला. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी फिस्के यांच्यासमवेत 1925 मध्ये फॉस्फरसच्या मापनाची पद्धत प्रसिद्ध केली. ती आजही फिस्के-सुब्बाराव पद्धत म्हणून प्रयोगशाळांत शिकवली जाते. कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांना स्त्री असल्याच्या कारणावरून याच बंगळुरूच्या संस्थेत प्रथम प्रवेश नाकारण्यात आला होता. 1933 मध्ये सशर्त प्रवेश मिळवून त्यांनी दूध व डाळींतील प्रथिनांवर काम केले आणि 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट संपादन केली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा व इतर अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. गरिबांच्या ताटातील अन्न हा संशोधनाचा विषय होऊ शकतो, हे त्यांच्या कार्यातून दिसते.

विकरांचा नियम आणि घटत्या फलाचा नियम

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या विषयातील एक समीकरण ओळखीचे वाटेल. मायकेलिस व मेंटेन यांनी 1913 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, विकराचे प्रमाण स्थिर ठेवून ज्या पदार्थावर ते क्रिया करते त्याचे प्रमाण वाढवत नेल्यास क्रियेचा वेग प्रथम झपाट्याने वाढतो, नंतर मंदावतो आणि एका कमाल मर्यादेजवळ स्थिरावतो. ज्या प्रमाणाला वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो, ते प्रमाण नऊपट केले तरी वेग 90 टक्क्यांपर्यंतच पोहोचतो. कमाल मर्यादाच वाढवायची असेल, तर विकराचे प्रमाण वाढवावे लागते. एक घटक स्थिर ठेवून दुसरा वाढवल्यास सीमांत फल घटते, हा अर्थशास्त्रातील नियम याच जातीचा आहे. मात्र अर्थशास्त्रात सीमांत फल ऋणही होऊ शकते. या समीकरणात वेग घटत नाही. हा फरक परीक्षेत विसरू नये.

हेच तर्कशास्त्र महाविद्यालयांनाही लागू पडते. प्रात्यक्षिकाचे एक श्रेयांक म्हणजे एका सत्रात 30 तास. समजा, एका तुकडीत 20 विद्यार्थी व एकच स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे; तर प्रत्येकाच्या वाट्याला उपकरणाची जास्तीत जास्त 90 मिनिटे येतात. विद्यार्थिसंख्या 40 केली की ती 45 मिनिटे होतात. पदव्या दुप्पट होतात. उपकरणावरील एकूण तास मात्र तेवढेच राहतात. म्हणून जागा वाढवण्याच्या निर्णयाबरोबर उपकरणे, रसायने व प्रयोगशाळा साहाय्यक यांवरील तरतूदही वाढली पाहिजे. अन्यथा प्रमाणपत्र असलेला, पण कौशल्य नसलेला पदवीधर निर्माण होतो आणि त्याची किंमत सर्वाधिक मोजावी लागते ती कर्ज काढून शिकणाऱ्या कुटुंबाला.

उद्योगाची गरज

1970 च्या पेटंट कायद्याने औषधांच्या बाबतीत उत्पादनाऐवजी केवळ प्रक्रियेला पेटंट दिले. त्यामुळे ज्ञात औषध वेगळ्या मार्गाने स्वस्तात बनवण्याचे कौशल्य भारतात वाढले. 2005 पासून उत्पादन पेटंट लागू झाल्यावर स्वतःच्या संशोधनाचे महत्त्व वाढले. त्याआधीच, 1997 मध्ये, हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने हिपॅटायटिस-बी ची पुनःसंयोजित लस बाजारात आणली होती. सजीव पेशींमध्ये तयार होणाऱ्या अशा उत्पादनांची शुद्धता व गुणवत्ता तपासण्यासाठी प्रथिनांचे ज्ञान असलेले मनुष्यबळ लागते.

पदवीनंतरचे मार्ग

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार चार वर्षांच्या पदवीची रचना आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी 120 आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी 160 श्रेयांक ठरवण्यात आले. 2022 च्या पीएच.डी. विनियमांनी चार वर्षांच्या पदवीत किमान 75 टक्के गुण मिळवणाऱ्यांना थेट संशोधन प्रवेशासाठी पात्र ठरवले. पदव्युत्तर प्रवेशासाठी जॅम व गॅट-बी, तर संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेटची जीवविज्ञान परीक्षा, हे प्रमुख मार्ग आहेत. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत जीवरसायनशास्त्र हा स्वतंत्र वैकल्पिक विषय नाही. परंतु प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत त्याचा समावेश आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. जीवरसायनशास्त्राची बी.एस्सी. आणि वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम या दोन वेगळ्या वाटा आहेत. वैद्यकीय जीवरसायनशास्त्रातील एम.डी. साठी तर एम.बी.बी.एस. आवश्यक असते. ज्यांना पदवीनंतर लगेच रोजगार हवा आहे, त्यांनी हा फरक प्रवेशापूर्वीच समजून घ्यावा.

प्रवेश घेताना विद्यार्थी महाविद्यालयाचे नाव व शुल्क पाहतात. त्याबरोबर तीन प्रश्न अवश्य विचारावेत : आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, एका उपकरणामागे विद्यार्थी किती आणि अंतिम वर्षात स्वतंत्र प्रकल्प करता येतो का? हे प्रश्न विचारणारे विद्यार्थी वाढले, तर संस्थांनाही त्यांची उत्तरे तयार ठेवावी लागतील.