टेनिस शिकणाऱ्या मुलांनी दुहेरीही खेळावं का?



मागच्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील शाळेत आले. मुलगी आता सातवीत आहे, टेनिसमध्येच पुढे जायचं म्हणते. त्यांचा प्रश्न होता, "सर, दुहेरीत नाव घालू का? दमते हो ती, आणि जोडीदारणीच्या चुकीने हरली की दिवसभर रुसते." मी टेनिसपटू नाही, पण त्या निमित्ताने बरंच वाचलं, सामने पाहिले. माझं उत्तर 'घाला' असं आहे.

आधी कोर्ट बघा. लांबी दोन्हीकडे ७८ फूट, पण रुंदी एकेरीत २७ आणि दुहेरीत ३६ फूट. समोर दोघं, त्यातला एक बहुतेक वेळा नेटजवळ. एकेरीत सर्व्हिस कशीबशी मधून परतवली तरी निभावतं. दुहेरीत नेटवरचा तो चेंडू तिथेच टिपतो. म्हणून परतीचा फटका खाली आणि तिरका मारायला शिकावंच लागतं. व्हॉलीचंही तसंच. आजची बरीचशी मुलं मागच्या रेषेवरूनच खेळतात, नेटकडे जायला बिचकतात. ती भीती दुहेरीत मोडते.

चेक खेळाडू बार्बोरा क्रेचिकोव्हा आधी दुहेरीसाठीच ओळखली जायची. २०२१ मध्ये तिने फ्रेंच ओपनची एकेरी आणि दुहेरी दोन्ही जिंकली, २०२४ मध्ये विम्बल्डनची एकेरीही. जॉन मॅकेन्रो तर सरावाच्या जागी दुहेरीचे सामने खेळायचा!

खर्चाचंही बोलू. प्रवास, मुक्काम करून गेलो आणि एकेरीत पहिल्याच फेरीत हरलो, तर दुहेरीमुळे निदान अजून एक सामना मिळतो. पुढे आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धा खेळायला लागल्यावर क्रमवारीत दुहेरीच्या गुणांचा चौथा हिस्सा धरतात.

"मग सरळ दुहेरीच खेळू दे की, आपले पेस, भूपती, बोपण्णा त्यातच मोठे झाले ना?" इथे मात्र थांबा. पेसने १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं ते एकेरीत. सानिया मिर्झा २००७ मध्ये एकेरीत जगात २७ वी होती. मनगटाच्या दुखापतींनंतर ती दुहेरीकडे वळली आणि २०१५ मध्ये दुहेरीत अव्वल झाली. पैशातही फरक आहे. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकेरीच्या विजेत्याला ३१ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होते, तर दुहेरीच्या जोडीला मिळून ७ लाख ३० हजार. ती जोडी होती ४३ वर्षांचा बोपण्णा आणि मॅथ्यू एब्डन. त्या वयात दुहेरी शोभते. बाराव्या वर्षी एकेरी सोडणं मला तरी पटत नाही.

खांदा दुखत असेल, किंवा त्याच दुपारी एकेरीची उपांत्य फेरी असेल, तर दुहेरीत नाव घालू नका. ड्रॉ निघण्याआधीच ठरवा. ऐनवेळी माघार घेतली तर जोडीदाराचाही सामना बुडतो.

राहिला रुसण्याचा प्रश्न. त्या बाबांना मी म्हटलं, सामना संपल्यावर तिला जोडीदारणीबद्दल काहीच विचारू नका. फक्त विचारा, "दोन पॉइंटच्या मध्ये तुम्ही काय बोललात?" पहिल्या स्पर्धेनंतर उत्तर आलं, "काहीच नाही." दुसऱ्या स्पर्धेतही दोघी हरल्या, पण त्या रात्री फोनवर पोरगी दहा मिनिटं सांगत होती, कोण कुठे उभं राहणार होतं ते.